व्हिएन्ना ते व्हेनिस रात्रीच्या ट्रेनने, आईबाबांना घेऊन. जमेल का?

पुणेरी_पाय: मे महिन्यात आईबाबा येतायत, आम्ही दोघं आणि ८ वर्षांचा मुलगा, एकूण पाच जण. व्हिएन्नाहून व्हेनिसला नाईटजेटने (ऑस्ट्रियन रेल्वेची रात्रीची गाडी) जायचा विचार आहे, एका रात्रीचं हॉटेल पण वाचतं. पण कुशेट आणि स्लीपर यात नेमका फरक काय, आणि बाबांचे गुडघे दुखतात त्यांना वर चढायला लागेल का? कुणी केलाय का हा प्रवास

मुक्काम_ग्राझ: केलाय, दोनदा. कुशेट म्हणजे आपला थ्री टियर समजा, फक्त दार असलेला कप्पा, ४ किंवा ६ बर्थ, उशी चादर ब्लँकेट मिळतं, सकाळी ब्रेड लोणी जॅम आणि चहा/कॉफी. स्लीपरमध्ये खरा पलंग आणि आत बेसिन, पण एका केबिनमध्ये जास्तीत जास्त तिघं. तुम्ही पाच जण म्हणजे ६ बर्थवाला अख्खा कप्पा स्वतःसाठी घ्यायचा मोह होईल, घेऊ नका, मधल्या बर्थमुळे ताठ बसता येत नाही. आईबाबांना दोघांचं स्लीपर आणि तुम्ही तिघं ४ च्या कुशेटमध्ये, असं करा. स्लीपरमध्ये पण बर्थ एकावर एकच असतात, तेव्हा बाबांना खालचा. भाडं विमानासारखं वरखाली होतं, लवकर काढा.

दशमी_चटणी: गाडीत चायवाला येणार नाही हे आधीच सांगून ठेवा घरच्यांना 😄 व्हिएन्नाच्या मुख्य स्टेशनातलं सुपरमार्केट रविवारी पण उघडं असतं, तिथून पाणी घ्या. आणि टॉयलेटमध्ये फक्त कागद, एक रिकामी बाटली जवळ असू द्या, एवढंच सांगते. अजून एक, या गाड्यांचे डबे रात्री वेगळे होऊन वेगवेगळ्या शहरांना जातात, तेव्हा तिकिटावरचा डबा नंबर बघूनच चढायचं, "आत गेल्यावर बघू" चालत नाही.

घाटरस्ता: माझं मत जरा वेगळं आहे. व्हिएन्ना ते व्हेनिस दिवसाची थेट गाडी पण आहे. रात्री गेलात तर ऑस्ट्रियातला सेमरिंगचा रेल्वेघाट दिसणारच नाही, आणि तो १८५४ साली पूर्ण झालेला आहे, म्हणजे आपल्या बोरघाटाच्याही नऊ वर्षं आधी! दुमजली दगडी पूल आहेत, युनेस्कोच्या यादीत आहे. झोपून काढायचा रस्ता नाही हो तो.

परतीचं_तिकीट: माझा दुसऱ्याच देशात अनुभव वाईट, तिथे आमचा झोपायचा डबाच जोडला नव्हता, रात्रभर खुर्चीवर बसून गेलो, बायको अजून ऐकवते. लगेच व्हेनिसची क्रूझ वगैरे बुक करू नका. उशीर झाला तर युरोपात नियम आहे, एक तासाच्या वर २५ टक्के आणि दोन तासाच्या वर ५० टक्के भाडं परत मागता येतं, पावती जपा.

पुणेरी_पाय: सगळ्यांचे आभार. बाबा रेल्वेतूनच रिटायर झालेत, त्यांना सेमरिंगचं वाचून दाखवलं तर म्हणाले झोपायला घर आहे की. आता मुलगा रुसलाय, त्याला वरचा बर्थच हवा होता. बघू, परतीच्या वाटेवर रात्रीची काढतो बहुतेक.