विषय: बाबांना दुसऱ्याच्याच गोळ्या दिल्या

नमस्कार मंडळी,
मंगळवारी बाबांच्या नर्सिंग होममधून फोन आला की सकाळच्या राउंडला त्यांना शेजारच्या खोलीतल्या आजोबांच्या गोळ्या दिल्या गेल्या, दोघांचं आडनाव एकच. नर्सने आडनाव घेऊन विचारलं, बाबांना ऐकू कमी येतं, त्यांनी आपली सवयीने मान हलवली आणि गोळ्या घेऊन टाकल्या. त्यात ग्लिपिझाइड, म्हणजे साखर कमी करणारी डायबिटीसची गोळी होती आणि बाबांना डायबिटीस नाहीच! दुपारी दरदरून घाम, साखर 52. आता बरे आहेत पण मला झोप नाही. तक्रार कुठे करायची, आणि केली तर त्यांचे तिथे हाल तर नाही ना करणार?

---
उत्तर:
अगं, वाचून पोटात गोळाच आला. मी बरीच वर्षं इथे अमेरिकेत नर्स आहे म्हणून सांगते, ग्लिपिझाइडचा असर दिवसभर राहू शकतो, एकदा ज्यूस देऊन भागत नाही, त्या रात्री साखर पुन्हा पुन्हा तपासली का ते आधी बघ. त्यासाठी एमएआर माग, म्हणजे कुठली गोळी किती वाजता कुणी दिली तो तक्ता. बाबांची पॉवर ऑफ अटर्नी, म्हणजे त्यांच्या वतीने निर्णय घ्यायचा कायदेशीर अधिकार तुझ्याकडे असेल तर सुट्टीचे दिवस सोडून 24 तासांत रेकॉर्ड दाखवावं लागतं त्यांना. चुकांचं प्रमाण 5 टक्क्यांच्या खाली हवं असा फेडरल नियम आहे, पण अशी गंभीर चूक एकाही पेशंटच्या बाबतीत चालत नाही, तेव्हा टक्केवारी सांगायला लागले तर ऐकून घेऊ नकोस. तक्रार स्टेटच्या हेल्थ डिपार्टमेंटकडे कर आणि ऑम्बड्समनला, म्हणजे नर्सिंग होममधल्या लोकांच्या तक्रारी बघणाऱ्या माणसाला पण फोन कर, प्रत्येक स्टेटमध्ये असतो, फुकट असतं, तुमच्या परवानगीशिवाय नाव सांगत नाहीत. तक्रार केली म्हणून बाबांना त्रास देणं हेच मुळात बेकायदा आहे.
आणि केअर प्लॅनमध्ये लिहून घे की नाव घेऊन "तुम्हीच ना" असं विचारायचं नाही, त्यांच्याकडूनच पूर्ण नाव आणि जन्मतारीख वदवून घ्यायची. आपली माणसं कशालाही मान डोलावतात गं.

---
उत्तर:
काकू म्हणतात ते खरंय. आमच्या सासूबाईंनी एकादशी धरली, सांगितलं कुणालाच नाही, जेवणाआधीचं इन्सुलिन दिलं गेलं आणि ट्रे तसाच परत. नशीब मी तेव्हा तिथेच होते. आता उपासांच्या तारखा कॅलेंडरवर लिहून नर्सिंग स्टेशनला देते.

---
उत्तर:
काकू, एमएआर आज बघितला. रात्री 9 नंतर साखर तपासल्याची एकही नोंद नाही. ऑम्बड्समनला फोन लावलाय, गुरुवारी येतायत, मी सुट्टी टाकलीय.