कार्यालयातला सत्यनारायण आणि मी काढून टाकलेली पोस्ट

घोडबंदरकर
परवा मुलीच्या डोमिसाइलसाठी अर्धा दिवस रजा टाकून ठाण्यातल्या एका सरकारी कार्यालयात गेलो. खिडकीवर पाटी: 'पूजेनिमित्त काम दुपारी २ नंतर'. आत चौरंग, केळीचे खांब, स्पीकरवर साधुवाण्याची कथा. बाकड्यावर आम्ही पंधरा-वीस जण ताटकळत, त्यात बुरख्यातल्या एक आजीही. शिरा सगळ्यांना मिळाला आणि झकास होता, खोटं कशाला बोलू.

घरी येऊन सोसायटीच्या ग्रुपवर एवढंच लिहिलं की कामाच्या वेळेत, सरकारी जागेत पूजा नको. तासाभरात सेक्रेटरींचा फोन. "लोकांच्या भावना दुखावल्यात, काढून टाका." काढली. पूजेपेक्षा ते जास्त लागलंय.

कोपरीचा कारकून
मी अशाच एका कार्यालयात २२ वर्षं आहे. वर्गणी आमच्या खिशातली, सरकारचा रुपया नाही. आमचा शिपाई मुसलमान, केळीचे खांब तोच बांधतो. दसऱ्याला डेपोत एसटीला हार घालतात, तेव्हा कुणाला राज्यघटना आठवत नाही. आषाढीला तर मुख्यमंत्री पंढरपुरात शासकीय महापूजा करतात, नावातच शासकीय! आणि पंढरपूरच्या मंदिराचा कायदा १९७३चा, सिद्धिविनायकाचा १९८०चा, शिर्डीचा २००४चा. देवळाच्या कारभारावर सरकारने माणसं बसवायची, पण देवाने वर्षातून एकदा सरकारी कचेरीत यायचं नाही? वा रे न्याय.

पाचपाखाडी
देवळांचा मुद्दा बिनतोड आहे, तिथे मीही अडखळतो. पण राज्यघटनेचं कलम २५ पुरतं वाचा. धर्माशी निगडित आर्थिक व्यवहारावर सरकारला नियंत्रण ठेवता येतं, म्हणजे हिशेब सरकारने बघावा, पूजा पुजाऱ्याने करावी. खिडकी बंद ठेवण्याची मुभा त्यात कुठे आहे? वर्गणी तुमची, पण हॉल, वीज आणि ते चार तास कुणाचे?

सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती अभय ओक यांनी वकिली आपल्या ठाण्याच्याच कोर्टात सुरू केली. मार्च २०२४मध्ये पिंपरी-चिंचवडच्या न्यायालयाच्या भूमिपूजनाला ते म्हणाले की कोर्टाच्या कार्यक्रमांतली पूजाअर्चा थांबवावी आणि राज्यघटनेच्या उद्देशिकेपुढे मान झुकवावी. बोलणं कोर्टापुरतं होतं, हे कबूल.

उथळसर
मान झुकवायची, म्हणजे तीही पूजाच झाली की! आपण हार घातल्याशिवाय कुणाला मान देतच नाही. १९५१ला राजेंद्रप्रसादांनी सोमनाथला जाऊ नये असं नेहरूंचं मत होतं. ते गेले. प्रजासत्ताक बुडालं का? आणि हजचं अनुदान २०१८पर्यंत चालू होतं, तेव्हा ही वकील मंडळी कुठे होती?

पाचपाखाडी
कोर्टातच होती. ते दहा वर्षांत बंद करा, असं २०१२ला सर्वोच्च न्यायालयानेच सांगितलं होतं.

मुंब्रेवाली
बाकड्यावरच्या आजींच्या वतीने सगळेच बोलताहेत, म्हणून मध्ये पडते. मला पूजेचा त्रास नाही, शिरा तर मी मागून घेते. पण कारकूनसाहेब, आमच्यातल्या कर्मचाऱ्यांनी त्याच हॉलमध्ये वर्गणी काढून मिलाद, म्हणजे पैगंबर जयंतीचा कार्यक्रम ठेवला, खिडकीला तशीच पाटी लावली, तर चालेल?

कोपरीचा कारकून
आमच्यापैकी कुणी अडवणार नाही. परवानगीचं साहेब ठरवतील.

मुंब्रेवाली
पूजेच्या वेळी साहेबांना विचारलं होतं?

कोपरीचा कारकून
साहेबच बसले होते पूजेला. सपत्नीक.

उथळसर
बरं, पोस्टचं बोला. ग्रुप पाणी आणि पार्किंगसाठी आहे. अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं कलम १९ सरकारने तोंड दाबू नये म्हणून आहे. सेक्रेटरीने फक्त विनंती केली.

पाचपाखाडी
विनंती 'विषय सोडून आहे' म्हणून केली असती तर ठीक. भावनांचं नाव घेतलं की माणूस पोलिसांना भितो. पूर्वीचं दंड संहितेचं कलम २९५अ, आता भारतीय न्याय संहितेचं २९९, हे मुद्दाम आणि दुष्ट हेतूने केलेल्या अपमानासाठी आहे, हे १९५७मध्येच सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय. घोडबंदरकरांनी तर शिऱ्याची तारीफ केलीय.

घोडबंदरकर
ती ग्रुपवरही केली होती. सेक्रेटरी म्हणाले, तोच टोमणा वाटला.

कोपरीचा कारकून
राहू द्या ते. डोमिसाइल मिळालं का?

घोडबंदरकर
नाही. दोननंतर सर्व्हर बंद होता.

कोपरीचा कारकून
स्वयंघोषणापत्र जोडलं होतंत ना?