मदत हवी आहे : लिंबावरचे कोष पोकळ का निघतायत?

नमस्कार मंडळी. साताऱ्यात, यवतेश्वर रस्त्याला राहतो. दारातल्या कागदी लिंबावर अळ्या झाल्यात. लहान असताना हुबेहूब पक्ष्याची विष्ठा, मोठ्या झाल्या की हिरव्यागार. डिवचलं की डोक्यामागून लालसर शिंगं काढून उग्र वास सोडतात. नीलवंत असेल तर सोन्याहून पिवळं, २०१५ पासून आपलं राज्य फुलपाखरू आहे ते! पण लिंबावर इतरही जाती वाढतात, अळीवरूनच ओळखायचं कसं?

खरी अडचण वेगळीच. कोष काळपट पडतात, बारीक भोकं दिसतात, आत नुसतं टरफल. परजीवी गांधीलमाशीचं काम असावं. अळ्या मच्छरदाणीच्या कापडात वाढवल्या तर वाचतील? की ताजा कोष झाकला तरी पुरे? औषध फवारायला सांगू नका, ते करायचं नाही.