मदत हवी आहे: म्हैसूरचा राजवाडा, डिसेंबरातला रविवार आणि आईचे गुडघे

वाटाड्या
डिसेंबरात एका रविवारी म्हैसूरला आहोत. सकाळी दहा ते रात्री नऊ एवढाच वेळ हातात. सोबत आईबाबा आणि सात वर्षांचा मुलगा. आईला जिने चढवत नाहीत. राजवाडा नीट बघायला किती वेळ धरायचा? संध्याकाळी रोषणाई आणि वृंदावन गार्डनची कारंजी, दोन्ही जमतील का? आणि ते सोन्याचं सिंहासन कुठल्या दालनात असतं?

तुंगभद्रा
दोन्ही जमणार नाहीत. रोषणाई रविवारी आणि सरकारी सुट्टीला सातला लागते, पाऊण तासात बंद. कारंजी साधारण त्याच सुमारास, आणि तीही वीसेक किलोमीटरवर. रविवार मिळालाय तर रोषणाईच घ्या, कारंजी इतर दिवशीही असतात.

राजवाडा 10 ते 5.30. दहालाच हजर राहा, रविवारी अकरानंतर आत रांग मुंगीच्या पावलांनी सरकते आणि मागचे लोक पुढे ढकलत राहतात. रिक्षात बसतानाच 'वराह गेट' सांगा, तिकीट त्या दक्षिणेच्या दरवाज्यापाशी. फोटोत दिसतो तो पूर्वेचा जयमार्तंड दरवाजा. तिथे उतरलात तर कोटाला वळसा घालावा लागेल आणि आईंचे गुडघे आत शिरण्याआधीच बोलायला लागतील.

चपला बाहेर ठेवाव्या लागतात. दुपारी अंगणातली फरशी तापते म्हणून लोक मोजे घालून येतात, पण आतल्या गुळगुळीत फरशीवर मोजे घसरतात. आईंना आत अनवाणीच चालू दे, मोजे पिशवीत ठेवा.

बिडाचा खांब
जिन्यांचं सांगतो. गोंबे तोट्टी (म्हणजे बाहुल्यांचं दालन) आणि कल्याण मंटप (लग्नाचा मंडप), दोन्ही तळमजल्यावर. मोठा दरबार हॉल आणि अंबाविलास (खासगी दरबाराचं दालन) वर, तिथे जिना चढावाच लागतो. नाही जमला तर हळहळू नका, माझ्या मते राजवाड्याचा खरा ऐवज खालीच आहे.

अष्टकोनी कल्याण मंटपात उभं राहून आधी वर बघा. मोरांच्या नक्षीचं रंगीत काचांचं छत आणि ते पेलणारे बिडाचे (ओतीव लोखंडाचे) खांब, दोन्ही ग्लासगोहून आणलेले. आधीचा राजवाडा लाकडी होता. 1897 साली राजघराण्यातल्या लग्नाच्या वेळी आग लागून तो गेला. म्हणून वास्तुविशारद हेन्री अर्विनने नवा बांधताना दगड, विटा आणि लोखंडावर भर दिला, 1912 साली काम पुरं झालं. काचा ऊन वर आल्यावर खुलतात, तेव्हा हा भाग अकरा ते एकच्या मध्ये पडला तर उत्तम. भिंतींवर दसऱ्याच्या मिरवणुकीची 26 चित्रं ओळीने आहेत. मुलाला त्यातले हत्ती मोजायला लावा, तेवढ्यात आईंना टेकायला वेळ मिळेल.

एकूण अडीच तास धरा. लोक तासाभरात उरकतात, कारण समोरच बघतात, वर बघत नाहीत.

वर जाणाऱ्यांनी अंबाविलासचा हस्तिदंती जडावाचा शिसवी दरवाजा चुकवू नये. गर्दी रंगीत खांबांकडे बघत त्याच्या शेजारून निघून जाते.

तुंगभद्रा
सिंहासन डिसेंबरात दिसणार नाही. ते सुटं करून कुलपात असतं, दसऱ्यात जोडून मांडतात. अंबारी मात्र बघायला मिळते. साडेसातशे किलोंची, लाकडी सांगाड्यावर सुमारे ऐंशी किलो सोन्याचा पत्रा. विजयादशमीला तीच हत्तीवर चढते.

वाटाड्या
दोघांचेही आभार. दुपारी साडेबारा ते संध्याकाळी सहा काय करावं? आणि रोषणाईचा फोटो मोबाइलवर येतो का?

कुंचला
जवळच जगनमोहन राजवाडा आहे, रिक्षाने पाच मिनिटं. 1861 सालचा. आगीनंतर राजघराणं तिथेच राहायला गेलं होतं. आता कलादालन आहे. सगळे रविवर्म्यासाठी जातात, पण मराठी माणसाने सावळाराम हळदणकरांची हातात समई घेतलेली बाई शोधावी. सावंतवाडीचे चित्रकार, चित्र जलरंगातलं, आणि कित्येकजण ते रविवर्म्याचंच समजून पुढे जातात. ज्योतीभोवती धरलेल्या बोटांमधून झिरपणारा लालसर उजेड बघा. जलरंगात पांढरा रंग मागाहून चढवून तो मिळत नाही, कागद आधीच राखावा लागतो.

दालनं अधूनमधून दुरुस्तीला बंद असतात. तिकीट काढण्याआधी हे चित्र लावलंय का, एवढं विचारा.

फोटो: डिसेंबरात सूर्य सहाच्या आसपास मावळतो, म्हणजे सातला आकाश काळंकुट्ट आणि लाखभर दिवे एकदम. मोबाइल त्या काळोखाला भुलून उजेड वाढवतो आणि दिव्यांचा नुसता पांढरा गोळा होतो. पडद्यावर बोट दाबून उजेड बराच खाली ओढा, दिव्यांचे ठिपके सुटे दिसेपर्यंत. ट्रायपॉडच्या भरवशावर जाऊ नका, कठडा किंवा पिशवी पुरते. दिवे लागण्याचा क्षण हवा असेल तर 6.55 पासून चित्रीकरण चालू ठेवा, दवंडी पिटून लावत नाहीत.

बिडाचा खांब
एक राहिलं. दिवे विझले की सगळं मैदान एकाच वेळी दरवाज्यांकडे सुटतं आणि रिक्षावाले तोंडाला येईल तो भाव सांगतात. साडेसातलाच हळूहळू बाहेर पडा. दिवे बाहेरूनही दिसतात आणि आईंना धक्के बसणार नाहीत.