मेक्सिकन स्पॅनिशमधल्या शिव्या आणि शॉर्टफॉर्म: मदत हवी आहे

मंडळी, इथे कुणाला मेक्सिकोचं स्पॅनिश येतं का? ऑफिसात तिकडची टीम आहे. मीटिंगमधलं बोलणं समजतं, व्हॉट्सॲप ग्रुप मात्र डोक्यावरून जातो. क्लासमध्ये शिकवलं ते स्पेनचं, आणि फारच सोज्वळ!

थोडं उलगडलंय. गुणाकाराच्या खुणेला (x) 'पोर' म्हणतात, म्हणून 'एक्स-क्यू' (xq) म्हणजे 'पोर्के', म्हणजे का किंवा कारण. 'एनटीपी' म्हणजे काळजी करू नकोस. 'वेय' तर आपल्या 'यार'सारखं दर वाक्याला.

अडतंय ते शिव्यांपाशी. 'एएलव्ही' हे 'आ ला वेर्गा'चं लघुरूप, म्हणजे चांगलीच कचकचीत शिवी. पण तीच माणसं ती वैतागूनही लिहितात आणि खूश होऊनही! 'नो मामेस' (म्हणजे साधारण 'काहीही काय!') अश्लील, 'नो मांचेस' त्याचं सौम्य रूप. मग हे दुसरं साहेबासमोर चालतं का? शिवाय स्पेनमध्ये बस 'कोखेर' करतात, म्हणजे पकडतात, मेक्सिकोत त्या क्रियापदाचा अर्थ भलताच. तिथे 'तोमार' म्हटलं की भागतं ना?

तिकडे राहिलेल्यांनी कृपया सांगा, बाहेरच्याने हे शब्द वापरावेत की नुसते समजून घ्यावेत? इथे लिहायला अवघड वाटलं तर मेसेज करा.