गुडघा बदलल्यावर पाय परत कसा मिळवला? खान्देशातले अनुभव

जळगाव, मुलगी

गुडघा बदलायचं ऑपरेशन दीड-दोन तासांत आटोपतं. पाय पुन्हा आपल्या म्हणण्यात यायचं काम मात्र त्यानंतर घरी चालतं, आणि त्याबद्दल आपल्याकडे कुणी धड सांगत नाही. भेटायला येणारे "आता मशीनसारखी चालशील" म्हणून जातात. रात्री दोन वाजता पाय ठणकायला लागला की काय करायचं, हे विचारायचं कुणाला? म्हणून हे लिहायला घेतलं. ज्यांनी स्वतः सोसलंय किंवा घरात कुणाचं केलंय, त्यांनी मनापासून लिहा. दुखणं कसं आटोक्यात ठेवलं, पाय कसा वाकवला, घरात काय बदललं, सगळं.

सुरुवात मी करते. आमच्या जिजीचा उजवा गुडघा बदलला. घरातल्या सगळ्यांचं लक्ष "किती वाकतोय" याच्याकडे. फिजिओथेरपीच्या ताई आल्या, त्यांनी आधी पाय पूर्ण सरळ होतोय का ते पाहिलं. जिजीला पलंगावर पाय पसरायला लावला आणि गुडघ्याखालून आपला तळहात सरकवला. हात आरपार गेला. "हा हात अडकला पाहिजे, मगच पाय सरळ झाला म्हणायचं," त्या म्हणाल्या. गुडघा थोडासाही वाकलेला राहिला, तर उभं राहताना मांडीचे स्नायू सतत ओढले जातात, माणूस लंगडतो, दमतो आणि हळूहळू कंबरही धरते.

मग रोजचं ठरलं. टाचेखाली गोधडीची गुंडाळी, गुडघा अधांतरी, आणि मांडी आवळून गुडघा खाली गादीकडे दाबायचा. पाचपर्यंत मोजायचं, सोडायचं. दिसायला अगदी साधं, पण जिजीच्या कपाळावर घाम यायचा. "माय वं, भलताच दुखी ऱ्हायना," म्हणायची आणि पुन्हा दाबायची. महिनाभरात हात अडकायला लागला. त्या दिवशी जिजीने शेजारच्या काकूंना बोलावून स्वतःच्या गुडघ्याखाली हात घालायला लावला होता.

भुसावळ, रेल्वेतून निवृत्त

ताई, बरं केलंत विषय काढलात. माझा डावा गुडघा झालाय, मी फक्त दुखण्याबद्दल लिहितो.

पहिल्या दिवशी मला वाटलं, लोक उगाच घाबरवतात. कमरेत दिलेलं इंजेक्शन आणि नसेजवळ दिलेलं बधिरतेचं औषध उतरायचं होतं. ते दुसऱ्या दिवशी उतरलं आणि मग खरं काय ते कळलं. तिथल्या सिस्टरांनी एक गोष्ट पक्की डोक्यात घातली: गोळी घड्याळ बघून घ्यायची, दुखायची वाट बघायची नाही. दुखणं एकदा वर चढलं की तीच गोळी त्याला लवकर खाली आणू शकत नाही. व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी गोळी पोटात असली की पाय जास्त वाकतो, स्नायू आखडत नाहीत. आपल्याकडच्या पुरुषांना गोळी घेणं म्हणजे कमीपणा वाटतो. तसं मनात आणू नका. दुखतंय म्हणून व्यायाम टाळला, तर नुकसान पायाचंच होतं.

दोन गोष्टी डॉक्टरांना विचारूनच करा. बीपी, शुगर किंवा किडनीचा त्रास असेल, तर डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणू नका. आणि ट्रॅमाडॉलच्या बऱ्याच गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉल मिसळलेलंच असतं, त्यावर वेगळं पॅरासिटामॉल घेतलं की मात्रा दुप्पट होते. माझ्या मुलाने पाकिटामागचं बारीक अक्षर वाचून वहीत तक्ता केला होता: गोळी, वेळ, खूण. ट्रॅमाडॉलने पोट घट्ट होतं, म्हणून इसबगोल आणि भरपूर पाणी पहिल्यापासूनच सुरू ठेवलं.

बर्फ आमच्या भुसावळच्या मे महिन्यात फार कामी आला. पंचा ओला करून पिळायचा, त्यात बर्फ बांधायचा, पंधरा-वीस मिनिटं ठेवायचा. नुसता बर्फ कातडीला लावायचा नाही. व्यायाम झाल्यावर लगेच, आणि रात्री झोपण्याआधी. लाईट गेली की फ्रीजमधला बर्फ विरघळायचा, म्हणून थर्मासमध्ये भरून ठेवत होतो.

झोपेचं कुणी सांगत नाही, म्हणून सांगतो. पहिले काही आठवडे झोप तुटते. कूस बदलता येत नाही, पाय कुठे ठेवावा कळत नाही. यात काही बिघडलेलं नसतं. मी रात्री उठून वॉकरवर ओसरीत दोन फेऱ्या मारायचो, पाय मोकळा व्हायचा, मग डोळा लागायचा.

शिरपूर, सून

आमचं जुनं घर. जमिनीवर स्वयंपाक, जमिनीवर जेवण, परसात संडास. ऑपरेशनची तारीख ठरली तेव्हाच मी यांना म्हटलं, आधी घर दुरुस्त करा. वेस्टर्न कमोड बसवला, त्यावर उंची वाढवणारी सीट, बाजूला भिंतीत धरायला दांडी. सासूबाईंची आवडती बाज ओसरीत होती, ती पहिली काढली. सुतळीच्या बाजेत माणूस खोल जातो, गुडघा वाकलेलाच राहतो आणि उठताना सगळा भार दुखऱ्या पायावर येतो. कडक गादीचा पलंग, खाली विटा लावून उंच केला. ओट्याजवळ उंच स्टूल ठेवलं. आता त्या बसून भाजी चिरतात, दादर ज्वारीची भाकरीही तिथेच थापतात.

पण सगळ्यात मोठी लढाई पाहुण्यांशी! आली की प्रत्येक बाई गुडघ्याखाली उशी सरकवते. "पाय अवघडला असेल वं आक्काचा." आक्कांनाही बरं वाटायचं, कारण उशीवर दुखणं थांबतं. पण त्याच अवस्थेत गुडघा आखडतो. उशी ठेवायची तर टाचेखाली. मी शेवटी पलंगाशेजारी कागद चिकटवला: "गुडघ्याखाली उशी ठेवू नये." कुणाला राग आला असेल तर येऊ दे.

दुसरं, बिब्बा. आमच्याकडे सांधा दुखला की बिब्ब्याचा चटका ठरलेला. ऑपरेशन झालेल्या गुडघ्याच्या आसपास बिब्बा, गरम विटेचा शेक, तेल-हळद काहीही नको. बिब्ब्याने कातडी भाजते, फोड येतात आणि तिथून जंतू आत शिरले तर नवा सांधाच धोक्यात येतो. टाके निघून जखम पूर्ण भरल्यावर डॉक्टरांनी सांगितलं तेव्हाच आम्ही व्रणावर हलक्या हाताने खोबरेल लावलं.

वाकवायच्या व्यायामाची आमची युक्ती सांगते. फरशीवर खुर्ची, पायाखाली प्लास्टिकची पिशवी, वर थोडी टाल्कम पावडर. टाच मागे-पुढे सरकवायची. पाय उचलावा लागत नाही म्हणून भीती कमी वाटते. फरशीवर पट्टीने खुणा केल्या होत्या, टाच आज कुठल्या खुणेपर्यंत मागे गेली ते नातू बघायचा आणि ओरडून सांगायचा. मात्र व्यायाम झाल्यावर पावडर लगेच पुसून घ्या, तिच्यावर कुणीतरी घसरायचं.

नंदुरबार, स्वतःचा अनुभव

मी दोन्ही गुडघे एकाच वेळी केले, सुरतला. दोन्ही करणाऱ्यांना एवढंच सांगेन, "चांगला पाय" नावाची गोष्टच आपल्याकडे नसते, त्यामुळे पहिले दिवस घरात उचलायला-धरायला एक खमका माणूस हवाच. परतीच्या प्रवासात गाडीत एकाच जागी बसून राहू नका. घोटा वर-खाली, वर-खाली करत राहा, पोटरीतलं रक्त फिरतं राहतं. रक्त पातळ राहायची गोळी दिलेली असेल तर ती मनाने बंद करू नका.

धुळे, फिजिओथेरपिस्ट

वरचं सगळं वाचून फार बरं वाटलं. पेशंट मला जे विचारतात, त्यातलं थोडं लिहिते.

किती वाकला पाहिजे? सपाट रस्त्यावर चालायला साधारण ६५ ते ७० अंश पुरतात. जिन्याला ९० च्या आसपास लागतात, बुटक्या खुर्चीतून उठायला १०५ च्या आसपास. पहिल्या दोन आठवड्यांत ९० च्या जवळ आणि सहा आठवड्यांत ११० च्या जवळ, असा अंदाज आम्ही धरतो. पण हे सगळ्यांना सारखं लागू होत नाही. ऑपरेशनच्या आधी पाय किती वाकत होता, यावर नंतरचं बरंच अवलंबून असतं. वर्षानुवर्षं आखडलेला गुडघा घेऊन आलेल्या आजींची तुलना शेजारणीशी करू नका. म्हणूनच तारीख मिळाल्यापासून मांडीचे व्यायाम सुरू करा, असं मी सांगते.

का वाकत नाही? सुरुवातीला सूज आणि मांडीच्या स्नायूची भीती. दुखेल म्हणून तो स्नायू आपोआप आखडतो आणि गुडघ्याला अडवतो. अशा वेळी घरच्यांनी जोर लावून पाय दाबला की तो आणखी आखडतो. पेशंटने स्वतः, श्वास सोडत, ताण सहन होईल तिथवर न्यायचं आणि थांबायचं. एकदम तासभर करण्यापेक्षा दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं करा. व्यायामानंतरचं दुखणं बर्फ आणि विश्रांतीने तास-दोन तासांत उतरलं तर ठीक. दुसऱ्या दिवशी सूज वाढलेली दिसली तर जास्त झालं, थोडं कमी करा, पण बंद करू नका. पुढे आतला व्रण पक्का व्हायला लागतो, मग प्रत्येक अंशासाठी झगडावं लागतं. पहिले सहा आठवडे हातचे घालवू नका, ते यासाठीच.

पाय आपोआप हलवणारं मशीन भाड्याने आणावं का, असंही विचारतात. अभ्यासांमध्ये त्याचा फारसा जास्तीचा फायदा दिसलेला नाही. ते पैसे घरी येणाऱ्या फिजिओवर किंवा व्यायामाच्या सायकलवर खर्च करा. सायकलवर सुरुवातीला पूर्ण फेरा होत नाही, पुढे-मागे झुलवत राहायचं. एक दिवस फेरा पूर्ण होतो.

गुडघा गरम लागणं, थोडी सूज असणं हे काही महिने चालतं. व्रणाच्या बाहेरच्या बाजूला कातडी बधिर राहते, कधी चालताना कट्ट असा आवाज येतो. याला घाबरायचं कारण नाही. पण पोटरी सुजून दुखायला लागली, ताप आला, जखमेतून पाणी किंवा पू आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. दम लागला किंवा छातीत दुखलं तर घरी वाट न बघता सरळ दवाखाना गाठा.

फैजपूर, मुलगा

आईचं थोडं वेगळं झालं, तेही लिहायला हवं. ऑपरेशन चांगलं झालं होतं. पण ती दुखण्याला फार घाबरली. त्यातच केळीची कटाई सुरू होती, आम्ही सगळे बागेत. घरी ती दिवसभर पाय पोटाशी घेऊन पडून. दोन महिन्यांनंतरही पाय ७० च्या पुढे जाईना. खुर्चीतून उठताना दोन माणसं लागायची. जेवण कमी झालं, कुणाशी बोलेना.

डॉक्टरांनी भूल देऊन गुडघा वाकवायचा निर्णय घेतला. यात कापाकापी नसते. भूल दिल्यावर स्नायू सैल पडतो आणि डॉक्टर हळूहळू पाय वाकवत आतले चिकटलेले पापुद्रे सोडवतात. हे साधारण पहिल्या तीन महिन्यांच्या आत केलं तर जास्त उपयोग होतो, म्हणून आम्ही वेळ घालवला नाही. त्याच दिवसापासून व्यायाम, गोळ्या वेळेवर आणि बर्फ. या वेळी माझी मावशी राहायला आली. ती आईपेक्षा थोरली. सकाळी चहा झाला की ठाम आवाजात, "चाल, उठ. आते बठीसन चालाव नही." आई तिच्यापुढे कधी नाही म्हणाली नाही. आज पाय १०० च्या वर वाकतो, देवळात जाते, गल्लीत गप्पा मारत बसते.

घरच्यांना माझं सांगणं एवढंच: पेशंट गप्प झाला तर त्याच्याशी बोला, डॉक्टरांनाही सांगा. मन खचलं की पायही चालत नाही.

चोपडा, शेतकरी

जिन्याचा नियम पाठ करा. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. यष्टीची पायरी उंच असते, तिथेही हेच. काठी ऑपरेशनच्या विरुद्ध हातात धरायची, बहुतेक जण त्याच बाजूला धरतात.

शेतात मी चौथ्या महिन्यात गेलो. बांधावर, ढेकळात पाय कसा पडेल याचा भरवसा नसतो, म्हणून आधी गाडरस्त्यावरच चाललो. उकिडवं बसून निंदणी आता नाही, ते मी मान्य केलं. कापूस उभ्याने वेचता येतो, ठिबकच्या नळ्या बघता येतात, मजुरांवर लक्ष ठेवता येतं. ऑपरेशनच्या आधी मला वीस पावलांवर थांबावं लागायचं. आता विहिरीपर्यंत न थांबता जातो.

पारोळा, प्रश्न

सासूबाईंचं पुढच्या महिन्यात आहे. श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते. त्यांना पूजेला खाली बसता येईल का? आणि त्यांचा एक दात किडलाय, तो नंतर काढला तर चालेल?

जळगाव, मुलगी

ताई, दात आधीच दाखवून घ्या. तोंडातला जंतुसंसर्ग रक्तातून नव्या सांध्यापर्यंत जाऊ शकतो, त्यामुळे डॉक्टर तो ऑपरेशनआधी बरा करायला सांगतात. शुगर असेल तर तीही आटोक्यात आणून घ्या. पुढेही कधी दाताचं काम निघालं तर गुडघा बदललाय हे दातांच्या डॉक्टरांना आधी सांगायचं.

कानबाईला मांडी घालून बसायचा हट्ट नको. आमच्या जिजीने चौरंग उंच टेबलावर मांडून घेतला आणि खुर्चीत बसून पूजा केली. रोटांचं पीठही तिनेच खुर्चीत बसून मळलं. तुम्ही आत्ताच हात असलेली, कडक बैठकीची खुर्ची बघून ठेवा. बसल्यावर गुडघा कमरेपेक्षा खाली राहिला पाहिजे, तेवढी उंची मोजूनच घ्या.