तक्रार 'क्लोज्ड', झाकण तुटलेलंच
कुणीतरी म्हणालं, पालिकेकडे तक्रार करून काय होतं, 'क्लोज्ड' असा मेसेज येतो की संपलं. आमच्या गल्लीत ड्रेनेजच्या झाकणाचं सेम, तीनदा! पण इंग्लंडमध्ये १९७४ च्या कायद्याने आलेला ओम्बुड्समन (लोकांच्या तक्रारी तपासणारा स्वतंत्र अधिकारी) आहे, तो कौन्सिलची, म्हणजे तिथल्या पालिकेची, चूक ठरली की नुसती माफी-भरपाई नाही, तर पद्धत बदला, स्टाफला ट्रेनिंग द्या, तशाच अडकलेल्या बाकीच्या केसेसपण तपासा असं सांगतो, बंधनकारक नसूनही कौन्सिलं बहुतेकदा ऐकतात कारण सगळं नावानिशी वेबसाइटवर येतं. आपल्याकडे महाराष्ट्रात २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे की, दाखला वेळेत नाही मिळाला तर अपील, अधिकाऱ्याला ५०० ते ५००० दंड. पण दंड भरून पुढच्या माणसाची रांग कमी होते का?